गुन्हे किती, हा प्रश्नच नाही

११ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वॉशिंग्टन या कुठल्याही राज्यात न मोडणाऱ्या राजधानीच्या शहराचं पोलीस दल तीस दिवसांसाठी आपल्या हाताखाली घेतलं आणि रस्त्यांवर नॅशनल गार्डचे, म्हणजे राखीव सैनिकी दलाचे, जवान उतरवले. कारण दिलं गुन्हेगारीचं. लगेच दोन्हीकडून आकड्यांची फेकाफेक सुरू झाली. शहराची बाजू घेणारे म्हणाले, २०२३ साली शहरात २७४ खून झाले होते, २०२४ मध्ये ते १८७ वर आले. गुन्हे उतरणीला लागलेले असताना ही कारवाई कशाला? राष्ट्राध्यक्षांची बाजू घेणारे म्हणाले, सात लाखांच्या गावात वर्षाला १८७ मुडदे पडतात, हे तुम्हाला कमी वाटतात? दोघांचंही खरं आहे. १८७ खून ही भयंकर गोष्ट आहे आणि २७४ वरून १८७ वर येणं ही चांगली गोष्ट आहे. पण ही कुस्ती पाहताना मला सारखं वाटत राहिलं की पैलवान तगडे आहेत, आखाडा मात्र चुकलाय.

कारण समजा, खून १८७ ऐवजी ४०० झाले असते, तर? मग शहराच्या निवडून आलेल्या महापौराच्या हातून पोलीस काढून घेणं बरोबर ठरलं असतं? शहराच्या समर्थकांनी ‘आमच्याकडे गुन्हे कमी झालेत’ हे उत्तर दिलं, तेव्हाच त्यांनी नकळत समोरच्याची अट मान्य केली. अट अशी, की गाव नीट चालवून दाखवा, मग तुमचे हक्क शाबूत. शिकागोत, सेंट लुईमध्ये, मेम्फिसमध्ये खून वाढले म्हणून इलिनॉय, मिझुरी, टेनेसी या राज्यांचे सेनेटर कोणी घरी पाठवत नाही. वॉशिंग्टनकराला मात्र दर पिढीत एकदा परीक्षेला बसावं लागतं, आणि परीक्षक नेहमी बाहेरगावचा असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा मिळायला हवा. तिथला कारभार फार चोख आहे म्हणून तो मिळावा, असं मी म्हणणार नाही. तो बऱ्याचदा चोख नव्हता, एका काळात तर लाजिरवाणा होता, आणि पुढे त्याबद्दल मी लिहिणारच आहे. पण मताचा हक्क हे चांगल्या वर्तणुकीचं प्रशस्तिपत्रक नव्हे. ते तसं आहे असं धरून चाललं की काय होतं, त्याचा सव्वादोनशे वर्षांचा पुरावा म्हणजे हे शहर.

आधी वस्तुस्थिती. २०२० च्या जनगणनेत वॉशिंग्टनची लोकसंख्या सहा लाख नव्वद हजारांच्या आसपास भरली. वायोमिंग आणि व्हरमाँट ही दोन राज्यं याहून लहान आहेत आणि त्यांना दोन-दोन सेनेटर आहेत. वॉशिंग्टनला एकही नाही. प्रतिनिधीगृहात एक प्रतिनिधी बसते, बोलू शकते, समित्यांत मत देऊ शकते. विधेयकावर सभागृहाचं शेवटचं मतदान होतं तेव्हा मात्र तिला फक्त बघत राहावं लागतं. शहराच्या परिषदेनं केलेला कायदा अमेरिकी काँग्रेसपुढे, म्हणजे देशाच्या संसदेपुढे, ठेवावा लागतो आणि काँग्रेस तो रद्द करू शकते. आणि ज्या गुन्हेगारीवरून एवढा गदारोळ झाला, तिचं काय? वॉशिंग्टनमध्ये प्रौढांच्या गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवतो तो सरकारी वकील राष्ट्राध्यक्ष नेमतात. स्थानिक न्यायालयांचे न्यायाधीशही राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट त्यांना मंजुरी देते. शिक्षा झालेला गुन्हेगार केंद्राच्या तुरुंगात जातो, कधी घरापासून हजार मैलांवर. फौजदारी न्यायाच्या साखळीत महापौराच्या हाती उरतात ते मुख्यतः पोलीस. तेही आणीबाणी जाहीर करून काढून घेता येतात. एवढं सगळं ज्याच्या हाती आहे त्यानंच ‘तुम्हाला गुन्हेगारी आवरत नाही’ म्हणावं, याला आपल्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

हे असं मुळात का झालं? १७८३ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात पगार थकलेल्या सैनिकांनी काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. काँग्रेसनं पेनसिल्व्हेनियाच्या सरकारकडे संरक्षण मागितलं. त्या सरकारनं मिलिशिया, म्हणजे राज्याचं नागरी सैन्य, बोलवायला नकार दिला आणि देशाचे प्रतिनिधी प्रिन्स्टनला पळाले. ही नामुष्की घटनाकार विसरले नाहीत. राजधानी कुठल्याही राज्याच्या मेहेरबानीवर नको, म्हणून काँग्रेसच्या थेट ताब्यातला जिल्हा काढायची तरतूद त्यांनी घटनेत केली. हेतू समंजस होता. घटनाकारांपैकी एक जेम्स मॅडिसन, त्यानं तर घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या ४३ व्या लेखात स्पष्ट लिहिलं होतं की तिथल्या रहिवाशांना स्थानिक कारभारासाठी त्यांनी स्वतः निवडलेलं विधिमंडळ अर्थातच मिळेल. म्हणजे ‘घटनाकारांना हेच हवं होतं’ असं जे आज छातीठोकपणे सांगतात, त्यांना मॅडिसन अर्धाच ठाऊक असतो. जिल्ह्याची जमीन मेरीलँड आणि व्हर्जिनियानं दिलेली होती; १८०१ च्या कायद्यानं रहिवाशांचा त्या राज्यांतला मताचा हक्क संपला. त्यावर कोणी फार विचार केला होता असं दिसत नाही. गाव छोटं होतं, बरंचसं दलदल आणि चिखल.

पण पुढचं सगळं निष्काळजीपणानं घडलं, असं म्हणता येत नाही. डिसेंबर १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपून आठ महिने झाले असताना, वॉशिंग्टनच्या गोऱ्या मतदारांनी काळ्यांना मताधिकार द्यावा का यावर कौल दिला. विरोधात साडेसहा हजारांहून अधिक मतं पडली, बाजूनं ३५. तरीही जानेवारी १८६७ मध्ये काँग्रेसनं राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनचा नकाराधिकार धुडकावून इथल्या काळ्या पुरुषांना मत दिलं. पुढच्याच वर्षी त्या मतांच्या जोरावर नवा महापौर निवडून आला. मग १८७१ मध्ये शहराचा कारभार बदलण्यात आला, अलेक्झांडर शेफर्ड नावाच्या धडाडीच्या माणसानं रस्ते, गटारं, पथदिवे यांचा धडाका लावला, मर्यादेबाहेर कर्ज काढलं आणि शहर दिवाळखोरीच्या कडेला नेलं. १८७४ मध्ये काँग्रेसनं निवडणुकाच मोडीत काढल्या. कर्ज हे कारण दिलं गेलं आणि कर्ज खरंच होतं. पण तीन नियुक्त आयुक्तांचा कारभार कर्जाच्या हिशेबापुरता राहिला नाही. तो १९६७ पर्यंत चालला. कारण काय? १८९० मध्ये अलाबामाचे सेनेटर जॉन टायलर मॉर्गन यांनी ते सेनेटमध्ये स्वच्छ सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की उंदरांपासून सुटका करून घ्यायला गोदामच जाळावं लागलं. उंदीर म्हणजे काळी वस्ती आणि गोदाम म्हणजे शहराचं सरकार, हेही त्यांनीच उलगडून सांगितलं. श्रोत्यांच्या कल्पनाशक्तीवर काही सोडलं नाही. गोऱ्यांचंही मत त्यात गेलं, पण शहरातल्या व्यापारी मंडळींना ते चाललं. १८७८ पासून शहराचा निम्मा खर्च केंद्र देऊ लागलं होतं.

यानंतर शंभर वर्षं हे शहर काँग्रेसच्या समित्या चालवत होत्या. इथे मला मिसिसिपी राज्याबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण मिसिसिपीनं वॉशिंग्टनला दोन कारभारी दिले आणि या साऱ्या वादाचं मर्म त्या दोघांच्या तुलनेत आहे.

पहिला कारभारी थिओडोर बिल्बो. मिसिसिपीचा सेनेटर, उघड वर्णद्वेष्टा, काळ्या अमेरिकनांना आफ्रिकेत पाठवून द्यावं म्हणून विधेयक मांडणारा. १९४४ मध्ये तो सेनेटच्या वॉशिंग्टनविषयक समितीचा अध्यक्ष झाला आणि स्वतःला शहराचा महापौर म्हणवून घेऊ लागला. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. ज्या शहराचा तो धनी झाला तिथल्या एकाही माणसानं त्याला मत दिलेलं नव्हतं. ज्या मिसिसिपीनं त्याला निवडून दिलं, तिथल्या जवळजवळ निम्म्या लोकांना, म्हणजे काळ्यांना, मतपेटीजवळ फिरकू दिलं जात नव्हतं. मताचा हक्क नसलेल्या दोन जनसमूहांच्या खांद्यांवर उभा राहून हा गृहस्थ राजधानीचा कारभार पाहत होता.

प्रतिनिधीगृहाच्या बाजूला दक्षिण कॅरोलायनाचे जॉन मॅकमिलन होते. त्यांनी तिथली समिती दोन दशकांहून अधिक काळ मुठीत ठेवली. स्वराज्याची विधेयकं सेनेटमध्ये मंजूर व्हायची आणि मॅकमिलनसाहेबांच्या फडताळात जाऊन झोपायची. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आयुक्तांची पद्धत बदलून वॉल्टर वॉशिंग्टन या काळ्या प्रशासकाला महापौर-आयुक्त नेमलं. योगायोगानं आडनावही शहराचंच. त्यांनी आपलं पहिलं अंदाजपत्रक समितीकडे पाठवलं, तेव्हा मॅकमिलन यांनी त्यांच्या कार्यालयात एक ट्रकभर कलिंगडं पाठवून दिली. मराठी वाचकाला यातला डंख चटकन कळणार नाही, कलिंगड आपल्याकडे उन्हाळ्यातलं निष्पाप फळ आहे. अमेरिकेत मात्र काळ्या माणसाला आळशी, पोरकट, कलिंगडावर तुटून पडणारा दाखवणारी चित्रं गुलामगिरी संपल्यापासून छापली जात होती. राजधानीच्या प्रमुखाच्या अंदाजपत्रकाला देशाच्या विधिमंडळातल्या समिती-अध्यक्षानं दिलेलं हे उत्तर होतं. याचा जाब वॉशिंग्टनकरांनी कसा विचारावा? काँग्रेसमध्ये त्यांना मतच नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं. १९७२ मध्ये शहराचे बिनमताचे प्रतिनिधी वॉल्टर फाँट्रॉय आणि त्यांचे कार्यकर्ते दक्षिण कॅरोलायनात मॅकमिलन यांच्या मतदारसंघात गेले आणि तिथल्या, नुकताच मताधिकार मिळालेल्या काळ्या मतदारांना संघटित करायला लागले. मॅकमिलन पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले. समितीची सूत्रं डेट्रॉइटचे काळे प्रतिनिधी चार्ल्स डिग्ज यांच्याकडे आली आणि २४ डिसेंबर १९७३ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वराज्याच्या कायद्यावर सही केली. स्वतःच्या गावात महापौर निवडता यावा म्हणून आधी दुसऱ्याच्या गावात जाऊन खासदार पाडावा लागला.

मिसिसिपीचा दुसरा कारभारी मॅरियन बॅरी. आणि इथे मला विरोधकांचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं आहे, कारण वॉशिंग्टनच्या राज्यत्वाला विरोध करणाऱ्याच्या ओठांवर पहिलं नाव याचंच येतं. खंडानं शेती करणाऱ्या कुटुंबात १९३६ मध्ये जन्म, रसायनशास्त्रात एम.एस्सी., काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीचा पहिला अध्यक्ष, १९६५ मध्ये वॉशिंग्टनला आला. १९७९ मध्ये महापौर झाला. त्यानं शहरातल्या पोरांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पगारी काम मिळवून देणारी योजना चालवली. आज साठीकडे झुकलेले कितीतरी वॉशिंग्टनकर आपला पहिला पगार बॅरीमुळे मिळाला म्हणून सांगतात. आणि याच बॅरीच्या काळात शहराच्या नोकरवर्गाला सूज आली, सहकाऱ्यांवर भ्रष्टाचाराचे खटले झाले, क्रॅक कोकेनच्या लाटेत १९९० च्या आसपास वर्षाला साडेचारशेहून अधिक खून पडू लागले. जानेवारी १९९० मध्ये महापौर स्वतःच एका हॉटेलच्या खोलीत क्रॅक ओढताना पोलिसांच्या छुप्या कॅमेऱ्यात सापडला. सहा महिने तुरुंगात गेला. बाहेर आला, आणि १९९४ मध्ये लोकांनी त्याला पुन्हा, चौथ्यांदा, महापौर केलं. १९९५ मध्ये शहराची तिजोरी इतकी रिकामी झाली की काँग्रेसला वित्तीय नियंत्रण मंडळ नेमावं लागलं.

याचा बचाव मी करणार नाही. बॅरीच्या चौथ्या विजयाला कोणी ‘जनतेचा उद्गार’ वगैरे म्हणू लागलं की मला कंटाळा येतो. शहरातल्या गरीब वस्त्यांचंच त्यानं सर्वांत जास्त नुकसान केलं. पण प्रश्न असा, की त्यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? इलिनॉय राज्याचे चार गव्हर्नर, कर्नर, वॉकर, रायन आणि ब्लॅगोयेविच, वेगवेगळ्या गुन्ह्यांत तुरुंगात गेले. इलिनॉयचं राज्यत्व रद्द करा, असं कोणी म्हटल्याचं ऐकलंय? १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं, तिथेही नियंत्रण मंडळ बसलं. न्यूयॉर्ककरांचं सेनेटसाठीचं मत कोणी मागे घेतलं नाही. आणि वॉशिंग्टनच्या तिजोरीचं दुसरं अंगही पाहायला हवं. इतरत्र राज्यं उचलतात तो तुरुंगांचा, न्यायालयांचा, वैद्यकीय मदतीचा भार इथे एकट्या शहरावर होता. कर लावायला जागा कमी, कारण केंद्राच्या मालमत्तेवर कर नाही, आणि शेजारच्या मेरीलँड-व्हर्जिनियातून रोज नोकरीला येणाऱ्यांच्या पगारावर कर लावायला स्वराज्याच्या कायद्यानंच मनाई केलेली. १९९७ मध्ये केंद्रानं तुरुंग, न्यायालयं आणि जुन्या निवृत्तिवेतनाचा बोजा आपल्याकडे घेतला, तेव्हाच हिशेब जमू लागला. २००१ मध्ये मंडळ आटोपलं. बिल्बोला वॉशिंग्टनकर हटवू शकत नव्हते. बॅरीला हटवू शकत होते, आणि त्यांनी तसं केलं नाही ही त्यांची चूक होती. चूक करण्याचा हक्क बाकीच्या अमेरिकनांना आहेच की.

आता विरोधकांचे याहून भक्कम मुद्दे. पहिला सुरक्षेचा, म्हणजे तोच १७८३ चा धडा. केंद्र सरकारची सुरक्षा एखाद्या स्थानिक सरकारच्या लहरीवर असू नये, हे तत्त्व मला आजही पटतं. म्हणूनच २०२० आणि २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहानं मंजूर केलेल्या राज्यत्वाच्या विधेयकात कॅपिटॉल (काँग्रेसची इमारत), व्हाइट हाउस, सर्वोच्च न्यायालय आणि मधलं मोठं मैदान एवढा गाभा राजधानी म्हणून केंद्राकडेच ठेवलेला होता. पण १७८३ चा दाखला देणाऱ्यांनी ६ जानेवारी २०२१ चाही द्यावा. त्या दिवशी ट्रम्प-समर्थक जमावानं कॅपिटॉल फोडलं तेव्हा शेकडोंच्या संख्येनं मदतीला धावले ते शहराचे पोलीस. वॉशिंग्टनचं नॅशनल गार्ड महापौराच्या हुकमात नाही, ते राष्ट्राध्यक्षांचं. ते पोचायला तीन तासांहून अधिक लागले. फिलाडेल्फियात स्थानिक सरकारनं काँग्रेसला वाऱ्यावर सोडलं होतं. इथे स्थानिकांनी तिला वाचवलं आणि उशीर केंद्राच्या साखळीत झाला. मग २४० वर्षांपूर्वीच्या भीतीचं ओझं आजच्या वॉशिंग्टनकरानं का वाहायचं?

दुसरा मुद्दा राजकीय लाभाचा. वॉशिंग्टन राज्य झालं की डेमोक्रॅटिक पक्षाला दोन सेनेटर आयते मिळणार, हे शंभर टक्के खरं आहे. २०२० मध्ये या शहरानं बायडेन यांना ९२ टक्के मतं दिली होती. डेमोक्रॅट नेते जेव्हा गंभीर चेहऱ्यानं सांगतात की आमचा यात काही स्वार्थ नाही, तेव्हा हसू येतं. पण अमेरिकेत स्वार्थाविना राज्य झालंय कधी? ३१ ऑक्टोबर १८६४ ला, लिंकनच्या निवडणुकीला आठ दिवस उरलेले असताना नेवाडा घाईघाईनं संघात घेतलं गेलं. लोकसंख्या पन्नास हजारांच्याही आत, आणि वेळ इतका थोडा की अख्खी राज्यघटना तारेनं वॉशिंग्टनला धाडावी लागली. १८८९ मध्ये डाकोटाचे दोन तुकडे करून दोन राज्यं केली, म्हणजे रिपब्लिकनांना दोनाऐवजी चार सेनेटर. (कोणतं आधी झालं यावरून भांडण नको म्हणून राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी सहीचे कागद पिसून घेतले होते. चिरंजीव कोण थोरला, हे आजही कोणाला माहीत नाही.) १९५९ मध्ये अलास्का डेमोक्रॅटांचं आणि हवाई रिपब्लिकनांचं राहील अशा हिशेबानं दोघांना आत घेतलं, आज बरोबर उलटं आहे. राज्यत्व शतकानुशतकांसाठी असतं, मतदाराचा कल काही दशकांचा. आणि एखाद्या माणसाचं मत कोणाला जाईल हे पाहून त्याला मत द्यायचं की नाही हे ठरवायचं, तर मग निवडणूक घ्यायचीच कशाला?

डेमोक्रॅटांना इथे सोडणं मात्र अन्याय होईल. १९९३ मध्ये प्रतिनिधीगृहात त्यांचं बहुमत असताना राज्यत्वाचं विधेयक २७७ विरुद्ध १५३ मतांनी पडलं. २००९ मध्ये सेनेटमध्ये विरोधकांची अडवणूक मोडण्याइतक्या साठ जागा मिळाल्या, तेव्हाही राज्यत्व पुढे रेटलं गेलं नाही. आणि २०२३ मध्ये शहराच्या परिषदेनं फौजदारी कायद्याची नवी संहिता केली, तिच्यावरून दूरचित्रवाणीवर ओरड झाली, तेव्हा सेनेटनं ती ८१ विरुद्ध १४ मतांनी रद्द केली. त्या ८१ मध्ये राज्यत्वाचे पुरस्कर्ते म्हणवणारे कितीतरी डेमोक्रॅट होते आणि सही केली राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी. संहिता वाईट होती का? असेलही. शहराच्या महापौर म्युरिएल बाउझर यांनी स्वतःच तिच्यावर नकाराधिकार वापरला होता आणि परिषदेनं तो उलथवला होता. म्हणजे शहरात वाद चालू होता, लोकशाहीत चालतो तसा. तो वाद शहराला मिटवू द्यायचा होता. ऑगस्ट २०२५ सारख्या कारवायांची वाट त्या ८१ मतांनी मोकळी केली, असं माझं मत आहे. उलट १९७८ मध्ये, वॉशिंग्टनला राज्यासारखं प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती सेनेटमध्ये मंजूर झाली तेव्हा बाजूनं मत देणाऱ्यांत दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड होते, एकेकाळचे वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते. ती दुरुस्ती ३८ राज्यांनी स्वीकारायची होती. सात वर्षांत १६ राज्यांनी स्वीकारली.

तिसरा मुद्दा: हे एक शहर आहे, राज्य कसलं? मग मेरीलँडला परत जोडा, मत आपोआप मिळेल. तर्क म्हणून हे सुबक आहे. १८४६ मध्ये पोटोमॅकपलीकडचा भाग व्हर्जिनियाला असाच परत दिला गेला, आणि त्यामागे एक कारण असं होतं की अलेक्झांड्रियाच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांना राजधानीत आपल्या धंद्यावर बंदी येण्याची धास्ती होती. १८५० मध्ये ती आलीच. पण मेरीलँडला वॉशिंग्टन नको आहे आणि वॉशिंग्टनला मेरीलँड नको आहे. २०१६ मध्ये शहरात कौल घेतला तेव्हा सुमारे ८६ टक्के लोकांनी राज्यत्व मागितलं. दोन्ही बाजूंना नको असलेलं लग्न लावायला निघालेला मध्यस्थ वधूवरांच्या काळजीनं निघालेला नसतो.

खरी अडचण आहे ती २३ व्या घटनादुरुस्तीची, आणि ती कबूल करायलाच हवी. १९६१ च्या या दुरुस्तीनं राजधानीच्या जिल्ह्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत निर्वाचकांची मतं मिळाली, तीन. (राष्ट्राध्यक्ष थेट लोक निवडत नाहीत, राज्याराज्यांचे निर्वाचक निवडतात.) उद्या शहराचं राज्य झालं आणि उरलेल्या गाभ्यात व्हाइट हाउसमधलं कुटुंब सोडून कोणी राहत नसेल, तर ती तीन मतं कोणाची? विधेयकात ही दुरुस्ती मागे घेण्याची प्रक्रिया वेगानं चालवायची तरतूद आहे, पण त्याला ३८ राज्यं लागतात. मधल्या काळासाठी सुचवलेले उपाय न्यायालयात टिकतील याची हमी मी देणार नाही. फक्त एवढंच, की सात लाख लोकांचा हक्क एका रिकाम्या होत चाललेल्या कलमासाठी अडवून ठेवायचा, की त्या हास्यास्पद परिस्थितीचा दबाव कामाला लावून ते कलम काढून टाकायचं? राष्ट्राध्यक्षांच्या घराला तीन मतं, ही गोष्ट कोणत्याच पक्षाला फार दिवस परवडणारी नाही.

राज्यत्ववाल्यांची आवडती घोषणा मात्र मला पटत नाही. २००० सालापासून वॉशिंग्टनच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘प्रतिनिधित्वाविना कर’ हे १७६० च्या दशकातलं गाऱ्हाणं छापलं जाऊ लागलं. ऐकायला फर्डं आहे. पण मग उद्या काँग्रेसनं वॉशिंग्टनकरांचा केंद्रीय आयकर माफ केला, जसा पोर्तो रिको या अमेरिकी बेटावरच्या उत्पन्नावर तो नाही, तर तक्रार मिटली? करापेक्षा रोजचा जाच मोठा आहे. एचआयव्ही पसरू नये म्हणून व्यसनींना स्वच्छ सुया देण्यासाठी शहरानं स्वतःचा पैसा खर्चू नये, असं काँग्रेसनं १९९८ मध्ये ठरवलं आणि ती बंदी २००७ च्या अखेरीपर्यंत टिकली. त्या शहरात, जिथे एचआयव्हीचं प्रमाण देशातल्या सर्वाधिकांपैकी होतं. त्याच १९९८ मध्ये औषधी गांजावर मतदान झालं, तर काँग्रेसनं मतं मोजायलाच मनाई केली. पुढे २०१४ मध्ये लोकांनी गांजा बाळगायला परवानगी दिली. काँग्रेसनं विक्रीचे नियम करायला बंदी घातली. मग काय व्हावं? दुकानदार एक स्टिकर भरमसाट किमतीला विकू लागले आणि गांजा ‘भेट’ म्हणून देऊ लागले. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या खर्चाच्या विधेयकातून एक नेहमीची ओळ गळली आणि शहराला स्वतःच गोळा केलेले सुमारे एक अब्ज डॉलर वर्षाच्या मध्यावर खर्चता येईनात. हे सगळं काय नंबरप्लेटवर मावणार?

मराठी माणसाला यातला एक सूर ओळखीचा वाटेल. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असं जाहीर केलं, तेव्हाही युक्तिवाद हाच होता: हे शहर इतकं मोलाचं आहे की ते तिथल्या माणसांच्या हाती कसं द्यावं? चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, शंभराहून अधिक माणसं गोळीबारात गेली. पण तुलना ताणायची नाही. मुंबई केंद्रशासित राहिली असती तरी तिचे खासदार लोकसभेत मत देत राहिले असते. गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता तेव्हाही त्याचे दोन खासदार होते. दिल्लीच्या सरकारकडे आजही पोलीस नाहीत, पण लोकसभेत सात जागा आहेत. पॅरिसला १८७१ च्या कम्यूनची, म्हणजे शहरातल्या बंडाची, शिक्षा म्हणून १९७७ पर्यंत धड महापौर मिळाला नाही, तरी पॅरिसकर राष्ट्रीय सभेसाठी मत देत होते. राजधानीच्या लोकांना देशाच्या विधिमंडळातूनच वगळण्याची कल्पना इतर लोकशाह्यांना सहसा सुचलेली नाही.

राज्य झालंच तर त्याचं नाव ‘वॉशिंग्टन, डग्लस कॉमनवेल्थ’ असेल, म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’ या आजच्या नावाची डी.सी. ही आद्याक्षरं तीच राहतील, पाट्या रंगवायचा खर्च वाचेल. डग्लस म्हणजे फ्रेडरिक डग्लस, मेरीलँडच्या गुलामीतून पळालेला, शतकातला मोठा वक्ता. १८७२ मध्ये तो न्यूयॉर्क राज्याचा निर्वाचक म्हणून निवडला गेला आणि त्या राज्याची राष्ट्राध्यक्षपदाची मतं घेऊन राजधानीला आला. त्याच वर्षी रॉचेस्टरमधलं त्याचं घर जळालं होतं आणि तो वॉशिंग्टनला कायमचा राहायला आला. राष्ट्राध्यक्षांनी त्याला शहराचा मार्शल नेमलं, पुढे दस्तनोंदणी अधिकारी केलं. ॲनाकोस्टियाच्या टेकडीवर त्यानं घर घेतलं. तिथून कॅपिटॉलचा घुमट दिसतो. १८७४ पासून १८९५ मध्ये मरेपर्यंत, या एकवीस वर्षांत, आपल्या गावात त्याला कोणालाही मत देता आलं नाही.